कुणाकडं आलाय?

परत येऊन तीन दिवस झाले, तरी तो प्रश्न मनातून जात नाही. तापोळ्याच्या पलीकडच्या वाडीत ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारलं, “कुणाकडं आलाय?” मी म्हणाले, “असंच, बघायला.” त्या “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या. एवढंच घडलं.

तयारीत काही उणं नव्हतं. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरताना गाडी दुसऱ्या गियरात ठेवायची, नुसत्या ब्रेकवर सोडली तर निम्म्या घाटात ब्रेक तापून वास सुटतो. पेट्रोल वरच भरून घ्यायचं. खाली मोबाईलची रेंज एका वळणावर असते आणि पुढच्या वळणावर जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यायचा. हे सगळं केलं होतं. पण कुणाकडे, हे मात्र ठरवलं नव्हतं. आणि खरंच कुणाकडेही नव्हते गेले मी. यंदा एकटीच. ते जाऊ दे.

वर्षभर ज्या खोऱ्याचं नाव घेत राहिले, तिथे आपल्याला ओळखणारं एकही माणूस नाही, हे असं ओट्यासमोर उभं राहून कळावं! त्या रात्री फार एकटं वाटलं.

मेमध्ये जायला नको होतं, असंही वाटतं. पावसाळ्यानंतर कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, भरलेला असतो तेव्हा लाँच गावाच्या पायरीपर्यंत येते. मेपर्यंत पाणी इतकं खाली जातं की काठ आणि गाव यांच्यामध्ये गाळाचा रुंद उतार उघडा पडतो. तो गाळ फसवतो. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण खालचा थर ओलाच असतो, पाय पडला की घोट्याच्या वर रुततो. गुरांची वाट दिसेल तिथूनच चालायचं, नाहीतर दगड धरून. लाँच लागायची जागाही पाण्याबरोबर खाली सरकत जाते. मागच्या खेपेला जिथे उतरलो तिथेच बोट येईल असं धरून चालणाऱ्याची दुपार वाया जाते. तराफ्यावर गाडी चढवायची तर आधी खाली उतरून उतार पायाने तपासावा. सकाळी निघालेलं बरं, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो आणि उघड्या पाण्यावर लाटा धरतात. बसायला सांगतील तिथेच बसायचं, फोटोसाठी सगळे एका बाजूला गेले की लाँच कलते.

हे पाणी जातं कुठे, तेही मनाला लागतं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते, मग कराडला कृष्णेत मिसळते. पण अडवलेल्या पाण्यातलं बरंचसं डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात उतरवतात, पोफळीला त्याची वीज होते आणि पुढे ते वाशिष्ठी नदीत जातं. म्हणून उन्हाळ्यात काठ इतका मागे हटतो. सोळशी आणि कांदाटीची खोरीही याच पाण्यात उतरलेली आहेत, त्यामुळे वरून जलाशय बोटं पसरल्यासारखा दिसतो. एका बोटावरून दुसऱ्यावर जायला होडीने थोडा वेळ लागतो, रस्त्याने अर्धा दिवस.

कुणाकडं आलाय?

मी तो प्रश्न ‘तुमचं इथे काय काम’ असाच ऐकला. आज दुपारी लाँचची वेळ वहीत लिहून ठेवताना पहिल्यांदा तो वेगळा ऐकू आला. पश्चिमेला डोंगराची भिंत असल्यामुळे खालच्या वाड्यांवर ऊन लवकर सरतं. अंधारात लाँच निघत नाही. पलीकडे अभयारण्य, गवे आहेत, अस्वलं आहेत. वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांनाही बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि अंधाराच्या आत परतावं लागतं. संध्याकाळच्या सुमाराला परकं माणूस वाडीत उभं दिसलं तर पहिली काळजी हीच, की आज हिची पथारी कुठे पडणार? ज्याच्या घरी जायचं तोच उतरवून घ्यायला येतो, तोच सकाळी होडीचं बघतो.

शिवाय तिथे गाव म्हणजे एक जागा नव्हेच. धरणात जुनी गावं गेली तेव्हा काही घरं डोंगरात वर सरकली, काहींना सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे जमिनी मिळाल्या. पुढे तरणी मुलं कामासाठी मुंबईला गेली. एकाच आडनावाची माणसं चार जिल्ह्यांत. म्हणून नवा चेहरा दिसला की तो कुणाच्या घरचा, हे विचारावंच लागतं. आपण ज्याला निवांत गाव म्हणतो, त्या निवांतपणात बंद घरंही मोजलेली असतात. आजींच्या शेजारच्या तीन दारांना कुलूप होतं. ते मी पाहिलं होतं, तरी मला माझंच एकटेपण मोठं वाटलं. लिहिताना लाज वाटते आहे.

आता राग नाही. ज्या घरात रात्री मला अंथरूण मिळालं, ते त्या आजींनीच हाक मारून दाखवलं होतं, हे पहिल्या दिवशी या वहीत लिहिलंसुद्धा नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी जायचं. तोवर तळं भरलेलं असेल, गाळ झाकलेला असेल, जळवाही कमी झालेल्या असतील. पहिली लाँच धरायची. लाँचवाल्याला आधी फोन करून विचारायला हवं, ओट्यावर सूप घेऊन बसणाऱ्या त्या आजींचं घर कुणाचं म्हणतात. नाव मी विचारलंच नव्हतं.