उजेड टोचतो

आज दुपारपासून डोक्यात हा एकच शब्द फिरतोय. टोचतो.

धुतलेले कपडे ठेवायला बायच्या खोलीत गेले तर आत काळोख. मे महिन्यातली दुपार, दोन वाजलेले, बाहेर अंगणात माई फणसाची साठं वाळत घालून कावळे हाकत बसलेल्या, आणि इथे खिडकीवर वाकळ. पडद्याच्या रॉडला केसांच्या रबरांनी बांधलेली. चार रबरं, एक गुलाबी, एक निळं आणि दोन शाळेची काळी. बाय जमिनीवर उताणी पडून, पाय भिंतीला लावून काहीतरी गुणगुणत होती. काय गं हे, म्हटलं. तर म्हणाली, "आई, उजेड टोचतो."

रुसली नव्हती की तक्रार करत नव्हती. पंखा जरा वाढव म्हणावं तितक्या साधेपणाने बोलली. मी कपडे ठेवले, बाहेर आले आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.

दोन महिने मी ह्या खोलीच्या मागे होते. पगारातले पैसे बाजूला टाकून, ऑफिसातून आल्यावर रात्री बारा बारापर्यंत फोनवर फोटो बघून. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, जमिनीलगतचा बुटका पलंग, पुस्तकांची तोंडं पुढे दिसतील अशी फळी, बाकी सगळं मोकळं. भिंतीचा जुना निळा दोन हातांत झाकलाच जाईना, तिसरा हात मारावा लागला तेव्हा मी स्वतः रंगाऱ्याबरोबर उभी होते. मेस्त, म्हणजे आमचा सुतार, सांगत होता की बाई, फणसाचं लाकूड घ्या, घरचं आहे, वाळवी सहसा धरत नाही, हे पाईन आमच्या पावसाला कसं टिकणार. मी म्हटलं नको, फणस पिवळा दिसतो आणि वर्षागणिक आणखी काळवंडतो, मला फिकटच हवं. आबांनी केलेला पलंग पडवीत गेला. तो फणसाचाच आहे. त्याबद्दल माई काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

खोली तयार झाली तेव्हा माई दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "इगर्जीसारखी पांढरीफेक झाली गो." चर्चसारखी. मला तेव्हा ते लागलं. त्यांचं माहेर गोव्यातल्या हळदोण्याचं, तिकडचे जुने लोक सांगायचे की पोर्तुगीजांच्या काळात पांढरा रंग फक्त इगर्जीला, बाकीच्यांनी घराला निळा, पिवळा, तांबडा काय हवा तो द्यावा. त्या सहज बोलल्या असतील. पण मला वाटलं ह्या घरात माझं एकही काम कुणाला सरळ चांगलं म्हणवत नाही. बायच्या बाबाने व्हिडिओ कॉलवर बघितली, मस्त म्हणाला, आणि नेटवर्क गेलं.

खरं तर हे सगळं त्याच्याच एका फोटोवरून सुरू झालं. बोट नॉर्वेत ट्रोम्सोला लागली होती, जानेवारीचे पहिले दिवस. त्याने लिहिलं होतं, जेवून बाहेर आलो तर दुपारीच रात्र. तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वरच येत नाही. फोटोत बर्फ, काळोख आणि घराघरांच्या खिडकीत एकेक दिवा, आणि एका खिडकीतून आतली पांढरी भिंत, लहान मुलाची खुर्ची. मी तो फोटो किती वेळा बघितला असेन. मला स्वतःची अशी खोली कधी नव्हती, चार भावंडं आणि एक माजघर. जाऊ दे ते.

आज तो फोटो परत काढला. आणि इतक्या दिवसांत न दिसलेली गोष्ट दिसली, ती म्हणजे त्या फोटोतला काळोख. त्या भिंती पांढऱ्या आहेत कारण बाहेर उजेड नाही. जो काही मिळतो तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडवायचा, वाया घालवायचा नाही. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. आमच्याकडे सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा, आणि आता मे मध्ये पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन पांढऱ्या भिंतीवर आपटून पलंगावर, पलंगावरून जमिनीवर. सात वर्षांच्या मुलीने त्यात डोळे कुठे ठेवायचे?

माईंच्या माहेरी खिडक्यांना शिंपले होते. काचेऐवजी लाकडी पट्ट्यांत बसवलेले चौकोनी पातळ शिंपले, त्यातून ऊन यायचं ते दुधासारखं होऊन. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्या खिडकीखाली मला दुपारी झोप लागली होती, अनोळखी घरात, एवढ्या माणसांत. त्या फोटोतल्या लोकांनी उजेड साठवला, इथल्यांनी गाळून घेतला. हे मला माहीत होतं. मी स्वतः त्या उजेडात झोपले होते. तरी सुचलं नाही.

हेच जास्त लागतंय. रंग परत देता येईल. पण मी दोन महिने फोनकडे बघत होते, बायकडे नाही. मेस्तकडून ती खुर्ची करून घेतली, ट्रिप ट्रॅपसारखी, बसायची फळी आणि पायाची फळी दोन्ही खालीवर सरकणारी. ती मूळ खुर्ची नॉर्वेच्या पीटर ऑप्सविकने १९७२ मध्ये केली, आणि कशावरून, तर त्याचा मुलगा मोठ्यांच्या टेबलाशी बसला की पाय लोंबकळायचे आणि हात नीट पोचायचे नाहीत, ते बघून. त्याने मुलाचे पाय बघितले. बाय दुपारी कुठे झोपते, कुठे खेळते, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. माईंच्या खोलीत, पलंगाखाली, असं आज माईंनीच सांगितलं. थंड लागतं म्हणून.

मात्र ती खुर्ची बायला आवडते. त्यावर बसून पाय टेकवून जेवते, पायाची फळी तिने स्वतः एक खाच वर घेतली. ते बरं वाटलं. सगळंच चुकलं नाही. बुटका पलंगही राहू दे, रात्री पाणी प्यायला ती आपली आपण उठते आता.

संध्याकाळी मेस्तला फोन केला. खिडकीला फणसाच्या आडव्या पट्ट्यांची दारं करायची, ऊन अडेल आणि वारा येईल अशी. तो हसला नाही की मी सांगत होतो असंही म्हणाला नाही. लाकूड कोरडं हवं, आता पाऊस तोंडावर आहे, गणपतीची चवथ झाल्यावर येतो म्हणाला. भिंतीचं काय ते अजून ठरवलं नाही. बायला विचारलं तर म्हणाली एक भिंत पांढरी राहू दे, त्यावर रात्री टॉर्चने सावल्या करते ती, ससा आणि मगर. हेही मला माहीत नव्हतं.

तोपर्यंत वाकळ आहेच. झोपायच्या आधी स्टुलावर चढून चारही रबरं सोडवली, सकाळी वेण्यांना लागतील, आणि त्यांच्या जागी परकराची जुनी नाडी बांधली. माईंनी खालून वाकळ धरली होती.