भिंतीवर उभी माणसं: नोंद तिसरी

मागच्या नोंदीत, कागद चिकटवायला मैदा शिजवून करतात त्या खळीपाशी अडकले होते. आज आठ आकृत्या भिंतीवर उभ्या आहेत आणि चार रात्रींनंतरही एकीचीही कड सुटलेली नाही.

नव्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या रस्त्यावरचे सात जुने पर्जन्यवृक्ष रुंदीकरणात जाणार आहेत. १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे बुंध्यांवर नोटिसा लागल्या, हरकतींना सात दिवसांची मुदत. पण वहीच्या पानाएवढा तो कागद जाता-येता कुणाच्या नजरेला पडणार? म्हणून त्या सावलीत रोज बसणाऱ्या, थांबणाऱ्या माणसांच्या आकृत्या, खऱ्या मापाच्या, समोरच्या सोसायटीच्या कंपाउंडवर. सेक्रेटरींची लेखी परवानगी आधी घेतली. मालमत्ता विद्रूपणाचा १९९५चा कायदा आहेच, आणि झाडांचं बोलणं बाजूला पडून भिंतीवरून वाद नको होता.

मूळ कल्पना अर्जेंटिनाच्या राजधानीतली, ब्युनोस आयर्सची. २१ सप्टेंबर १९८३, लष्करी राजवट अजून गेलेली नव्हती. प्लाझा दे मायो या तिथल्या मुख्य चौकात लोक कागदावर आडवे झाले, दुसऱ्यांनी त्यांच्या कडेनं रेघ ओढली आणि राजवटीनं गायब केलेल्यांच्या जागी त्या रिकाम्या आकृत्या आजूबाजूच्या भिंतींवर चढल्या. गायब झालेल्यांचा आकडा मानवी हक्क संघटना ३०,००० सांगतात. जो नाही त्याच्यासाठी जिवंत माणूस आपलं अंग उसनं देतो, हे मला फार भिडतं. घोषणेचा एक शब्द न लिहिताही ती भिंत बोलते. आकृत्या उभ्याच हव्यात, असा गायब झालेल्यांच्या मातांचा आग्रह होता. आडवी आकृती म्हणजे प्रेत, आणि त्या तर आपली मुलं जिवंत परत मागत होत्या.

हे मी आमच्या गजरेवाल्या मावशींना सांगितलं नव्हतं. फुटपाथवर कागद अंथरला तर त्या म्हणाल्या, "झोपून नको गं बाई, मेल्यासारखं दिसतं. मी उभी राहते." मग कागद भिंतीला टाचला, मावशी पाठ टेकून उभ्या राहिल्या, टोपली कमरेवर. त्यांच्या भाचीनं रेघ मारली. अंबाड्यातल्या गजऱ्याचा उंचवटासुद्धा रेघेत आलाय. ती आठांतली सगळ्यात चांगली आकृती आहे.

आता खळ. एक वाटी मैदा गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग पाच वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा आणि पारदर्शक होईस्तोवर ढवळत राहायचं. जुने लोक कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मी घालत नाही. पहिल्या खेपेला गायीनं दोन आकृत्या गुडघ्यापर्यंत खाल्ल्या होत्या. मोरचूद असता तर तिच्या पोटात विष गेलं असतं. कडुलिंबाचं पाणी घालून पाहिलं, बकऱ्यांनी तेही चाटलं. शेवटी कमरेखालचा भाग कागदावर न करता थेट भिंतीवर गेरूनं रंगवला. झाडांच्या बुंध्यांना मारतात तोच गेरू, त्यामुळे माणसं झाडांच्या रांगेतलीच वाटायला लागली. हे ठरवून केलेलं नव्हतं.

न्यूजप्रिंट ओला झाला की ताणतो आणि मग सुरकुत्या पडतात. त्यामुळे मागून खळ लावून दोनेक मिनिटं तसाच ठेवायचा, मग चिकटवायचा, मधून कडेकडे हात फिरवायचा, वरून पातळ खळीचा एक हात. चुन्याची भिंत असेल तर आदल्या दिवशी नीट घासून घ्या, नाहीतर पोपड्यासकट कागद खाली येतो.

आकृत्यांच्या आत मी काही लिहिलं नव्हतं. परवा एका रिक्षावाल्या काकांनी आपल्या आकृतीत खडूनं लिहिलं, "मी इथे दुपारचा डबा खातो." काल संध्याकाळपर्यंत पाच आकृत्या भरल्या होत्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांनी हरकतीच्या अर्जाचा नमुना काउंटरवर ठेवलाय. त्रेचाळीस अर्ज गेले.

मुदत उद्या संपतेय. नववी आकृती शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या एका मुलीची आहे, तिची आई सकाळी साडेसहाला तिला घेऊन येणार आहे. खळ आज रात्रीच शिजवून ठेवते.