पोटगीचा आकडा आणि गणिताची वही

‘पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी लागतेच,’ असं मला घरच्यांपासून कामावरच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मुलीच्या पोटगीसाठी तोच हिशोब डोक्यात घेऊन मी वकील मॅडमकडे गेले. त्यांनी तो पहिल्याच भेटीत मोडून काढला. तो आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातला आहे आणि पत्नीच्या पोटगीबद्दलचा आहे. मुलांसाठी आपल्याकडे ठरलेलं कोष्टकच नाही. ‘ताई, मुलीला महिन्याला किती लागतात ते आधी सांगा. कागदांसकट.’

मला सांगता आलं नाही. नऊ वर्षं जिला वाढवलं, तिचा महिन्याचा खर्च मी कधी बसून मांडलाच नव्हता. फी भरायची, दूधवाल्याचे द्यायचे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा, एवढंच चाललं होतं. त्या रात्री तिच्या मागच्या वर्षीच्या गणिताच्या वहीतली कोरी पानं काढून बसले. वहीवरचं तिच्या नावाचं लेबल तसंच राहू दिलं. शाळेची फी वर्षाला ५४,००० म्हणजे महिन्याला ४,५००. व्हॅन १,४००. खाणंपिणं, दूध ४,०००. तिला दमा आहे, तर पंप, औषधं, डॉक्टर धरून १,२००. वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट यांचे सरासरी १,०००. तबल्याचा क्लास ६००. घरभाडं ७,५००, त्यातला तिचा वाटा मॅडमनी एक तृतीयांश धरला, २,५००. बेरीज १५,२०० झाली.

व्हॅनवाल्या काकांना मी रोख द्यायची, त्यांची एकही पावती नव्हती. त्यांनी नंतर सही करून लिहून दिलं. औषधाच्या दुकानातली गुळगुळीत कागदाची बिलं तीन-चार महिन्यांत कोरी होतात, हे मला एक जुनं बिल शोधताना कळलं. तेव्हापासून बिल हातात पडलं की झेरॉक्स काढते. कुणी या वाटेला लागणार असेल तर हे आजपासूनच करा.

दादा म्हणाला, कोर्टात कापतातच, तू पंचवीस हजार माग. मॅडम ऐकेनात. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. रजनीश विरुद्ध नेहा, निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. तेव्हापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर मांडावं लागतं. ते खोटं निघालं तर कारवाई होऊ शकते. आईनं माझ्या नावावर ठेवलेली ८०,००० ची एफडी मला सांगायची नव्हती. मुलीच्या दहावीनंतरचे पैसे आहेत ते. मॅडमनी तीही लिहायला लावली, माझा १८,५०० पगारही. शपथपत्रावर सही करताना हात जड झाला होता, खरं सांगते.

अर्ज जुलै २०२४ अखेर दाखल झाला. त्याच महिन्यात नवा कायदा लागू झाला होता, म्हणून लोक ज्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून अजूनही ‘एकशे पंचवीस’ म्हणतात तो माझा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली लागला. अंतरिम, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यात आहे. आमची नोटीस बजावायलाच तीन महिने गेले, कारण मुलीच्या वडिलांनी खोली बदलली होती. मग त्यांचं म्हणणं दाखल व्हायला तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला माझा अर्ध्या दिवसाचा पगार जायचा.

त्यांच्या शपथपत्रात हातात येणारा पगार ३९,६०० दाखवला होता. मी घाबरले. मॅडमनी पगाराची स्लिप मागवायला लावली. एकूण पगार ६८,०००. त्यातून भविष्य निर्वाह निधी ४,८००, व्यवसाय कर २००, आयकर २,०००. उरतात ६१,०००. बाकीचे २१,४०० गाडीच्या हप्त्यात आणि पतसंस्थेच्या कर्जात जात होते, आणि गाडी घेतली होती आम्ही वेगळे झाल्यावर. कायद्यानं सक्तीच्या कपाती वजा होतात. माणसानं स्वतःहून घेतलेलं कर्ज लेकराच्या खर्चापुढे उभं करता येत नाही. हा एक मुद्दा नीट मांडला गेला म्हणून आमचं प्रकरण उभं राहिलं, असं माझं मत आहे. हातात येणाऱ्या पगाराचा आकडा ऐकून घरीच बसणाऱ्या किती जणी असतील, हा विचार मनातून जात नाही.

दुसरा वाद शाळेचा. ‘एवढ्या महागड्या शाळेत मी घालायला सांगितलं नव्हतं,’ असं त्यांनी म्हटलं. ते वाचून मी कपाटातली फाइल उपसली. प्रवेश अर्जाची प्रत सापडली, आणि वडिलांच्या रकान्यात त्यांची सही होती. निळ्या शाईची, नावाखाली दोन ठिपके देऊन केलेली. न्यायाधीश मॅडमनी तो कागद हातात घेतला, पाहिला आणि त्यांच्या वकिलांना एवढंच विचारलं, ‘सही मान्य आहे ना?’ आई-वडील एकत्र असताना मूल ज्या राहणीत वाढत होतं ती जमेल तेवढी टिकावी, हे कोर्ट पाहतं. त्यानंतर फीचा विषय पुन्हा निघाला नाही.

अंतरिम आदेश जून २०२५ मध्ये झाला. दरमहा ११,०००. आदेशात कारणं होती आणि ती मला पटली. १५,२०० चा खर्च वाजवी मानला, तबल्याच्या क्लाससकट. पण आईचीही कमाई आहे, तेव्हा तिनंही आपल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलायचा. त्यांच्या आईचा औषधपाण्याचा खर्च त्यांच्यावर आहे, तोही धरला. सासूबाईंचं ते दुखणं खरं आहे, त्याला मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्या २०२० च्या निकालानं पक्कं केलेलं आहे. म्हणून अकरा महिन्यांची थकबाकी १,२१,००० झाली. ती चार हप्त्यांत द्यायची होती.

दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा आला नाही. मॅडमनी वाट न पाहता वसुलीचा अर्ज टाकला. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत तो टाकावा लागतो, नाहीतर ती वसूल करायचा हा रस्ता बंद होतो. वॉरंट निघण्याआधीच पैसे जमा झाले.

यंदा शाळेनं फी ६,००० नं वाढवली. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून मागायला कलम १४६ आहे, पण एवढ्यासाठी लगेच जायचं का, की पाचवीचा खर्च दिसू दे, हे अजून ठरलेलं नाही. पावती मात्र कालच वहीत चिकटवली. पानं संपत आलीत. मुलीनं तिची भूगोलाची वही आणून दिली, म्हणाली, ‘आई, यात मागची वीस पानं कोरी आहेत.’