आमची वाटचाल : हळदीची पट्टी आणि चाचणीचा डेटा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात. त्या सौद्यांची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद, करणारं वेब ॲप हे आज आमच्या फर्मचं मुख्य काम आहे. सुरुवातीला आम्ही अडत्यांच्या पेढ्यांवर संगणक बसवायचो, हिशोबाचं पॅकेज चालू करून द्यायचो. पुढे गिऱ्हाइकंच म्हणू लागली, की शेतकऱ्याला पट्टी मोबाइलवर दिसली पाहिजे. तिथून वेबकडे वळलो.

डेटाबेस म्हणून मोंगोडीबी घेतला तो पट्टीकडे बघूनच. एकाच्या पट्टीत हळकुंडाचे दोन लॉट आणि गड्ड्याचा एक. दुसऱ्याचा लॉट एकच, पण मोटारभाडं आणि उचल वजा करायची. हमाली, तोलाई सगळ्यांनाच, बाकीचं ज्याचं त्याचं वेगळं. मोंगोडीबीत अख्खी पट्टी एका डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत, मावते. डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी, आमची पट्टी तिच्या आसपासही जात नाही.

पण अडत्यांचा विश्वास बसला तो चाचणीच्या डेटामुळे, म्हणजे ॲप तपासायला रचून भरलेल्या माहितीमुळे, असं मी मनापासून मानतो. ‘टेस्ट १, टेस्ट २’ असली नावं दाखवली तर यार्डातला माणूस स्क्रीनकडे नीट बघतही नाही. त्याला गाव, वाण, पोती, क्विंटलचा दर दिसला की तो लगेच चुका काढायला लागतो, आणि आम्हाला तेच हवं असतं. खऱ्या पट्ट्या वापरायच्या नाहीत, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. कोणाची उचल किती, हे दुसऱ्या पेढीवर कळता कामा नये. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा नंतर आला. नावं, मोबाइल, खाते क्रमांक सगळं आम्ही रचतो. घडण मात्र खऱ्या पट्टीची ठेवतो.

हा डेटा आत घ्यायला मोंगोइम्पोर्ट, हे मोंगोडीबीत फाइली भरणारं साधन, पुरतं. शेतकऱ्यांची यादी सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) जाते. पट्ट्यांमध्ये लॉटची यादी असल्यामुळे त्या जेसनमधून, म्हणजे नोंदीच्या आत यादी मावते अशा मजकूर फाइलीतून. सगळ्यात जास्त लक्ष खाते क्रमांकावर ठेवावं लागतं. एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं. मोंगोइम्पोर्टला प्रकार सांगितला नाही, तर ते क्रमांकाला संख्या समजतं आणि सुरुवातीची शून्यं जातात. म्हणून एक्सेलमध्ये तो कॉलम टाइप करण्याआधीच टेक्स्ट करायचा आणि सीएसव्हीच्या मथळ्यात प्रत्येक कॉलमचा प्रकार लिहायचा: खाते क्रमांक आणि मोबाइल ‘स्ट्रिंग’ (मजकूर), रक्कम ‘डेसिमल’ (दशांश संख्या), तारीख ‘डेट’. दिवस आधी लिहिलेली तारीख नुसती मजकूर म्हणून आत गेली, तर क्रमानं लावताना दर महिन्याची १ तारीख एकत्र येते आणि हंगामाचा क्रमच राहत नाही. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी अक्षरं जपणारी पद्धत) जतन करायची, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

आता कऱ्हाड. हे गाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र ‘ऱ’ या अक्षरापासून बनतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घातल्यावर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द. एक शोधला तर दुसरा सापडत नाही, आणि पेढीवरचा मुनीम म्हणतो, शेतकरी यादीत नाहीच. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या लिपींच्या प्रमाणाच्या, ठरावीक नियमांनी हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी बदलाचा नियम आपणच लिहावा लागतो. आमच्या चाचणीच्या फाइलीत दोन्ही कऱ्हाड मुद्दाम आहेत. नवी आवृत्ती आली, की शोधात दोघांचेही शेतकरी आलेच पाहिजेत. मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकानं ही जोडी आपल्या डेटात घालावी, असं मी कळकळीनं सांगतो.

दर चाचणीआधी मोंगोइम्पोर्टच्या ‘ड्रॉप’ पर्यायानं जुना संग्रह, म्हणजे आधी भरलेल्या सगळ्या नोंदी, काढून नवा भरतो, म्हणजे सुरुवात दर वेळी सारखीच होते. त्या स्क्रिप्टमध्ये फक्त चाचणी सर्व्हरचा पत्ता असतो. चालू पेढ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड त्या मशीनवर ठेवतच नाही.

यंदा बेदाण्याच्या सौद्यांचं काम हाती घेतलं आहे. तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजचे मालक संध्याकाळी येऊन बसतात, आम्ही विचारत जातो, ते सांगत जातात. नव्या फाइलीत पहिला कॉलम रंगाचा धरला आहे: हिरवा, पिवळा, काळा. पेटीचं वजन आणि तूट कशी लिहायची, ते अजून त्यांच्याकडून समजून घेतोय.