गाठ नेमकी कुठल्या पेशीची?

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या आमच्या लॅबमध्ये हाडाची एक बायोप्सी आली. तिशीच्या आतली मुलगी. मांडीच्या हाडाचं खालचं टोक पोखरलेलं, एक्स-रेत पोकळी थेट सांध्यापर्यंत गेलेली. वय आणि जागा पाहून जायंट सेल ट्यूमरच (महाकाय पेशींवरून नाव पडलेली हाडातली गाठ) वाटत होता. तरी मी आधी कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन तपासायला लावलं, कारण गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडली तरी हाडात हुबेहूब अशीच गाठ होते आणि तिचा इलाज साफ वेगळा असतो. दोन्ही नॉर्मल आले.

स्लाइडवर महाकाय पेशींची गर्दी होती, काहींत पन्नासच्या वर केंद्रकं. शेजारी बसलेल्या रेसिडेंटने विचारलं, "मॅडम, ह्याच ट्यूमरच्या ना?" मी तिला त्यांच्या मधल्या जागेत बघायला सांगितलं. तिथे एकेका केंद्रकाच्या, दिसायला अगदी साध्या पेशी होत्या.

मग एच ३.३ जी ३४ डब्ल्यूचा स्टेन केला. डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनात ह्या गाठीत जो बदल होतो, तो ह्या स्टेनने तपकिरी दिसतो. तो पाहताना मला आजही हरखून जायला होतं. साध्या पेशींची केंद्रकं गडद तपकिरी, आणि महाकाय पेशींतलं एकूण एक केंद्रक निळंच! हिस्टोनमधला हा बदल २०१३ साली सापडला. दहातल्या नऊएक गाठींत तो असतो. तो फक्त साध्या पेशींत असतो, म्हणजे मूळ गाठ त्यांचीच. त्या हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्टच्या घराण्यातल्या. त्या रँक-लिगंड नावाचं प्रथिन तयार करतात, त्याच्या हाकेला रक्तातून आलेल्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कुळातल्या पेशी एकमेकींत मिसळून महाकाय होतात आणि हाड खातात.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. रामबागेतले, मराठीच. "डॉक्टर, कॅन्सर आहे का हो?"

"नाही काका. पण गाठ हट्टी आहे, परत येऊ शकते. क्वचित फुप्फुसातही जाते, म्हणून छातीचा फोटो लागेल."

त्यांनी डेनोसुमॅब इंजेक्शनबद्दल ऐकलं होतं. त्यानेच भागेल का, ऑपरेशन टळेल का, हे त्यांना हवं होतं. मी स्लाइडचा फोटो पुढे ठेवला. इंजेक्शन रँक-लिगंडला अडवतं, त्यामुळे ह्या मोठ्या पेशी नाहीशा होतात. तपकिरी दिसतायत त्या मात्र बऱ्याचशा तशाच राहतात, आणि औषध थांबलं की पुन्हा उचल खातात. गाठ खरवडून काढावीच लागणार.

काका बराच वेळ त्या तपकिरी ठिपक्यांकडे बघत राहिले. मग खिशातून डायरी काढून म्हणाले, "हाडांच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं, तेवढं सांगा."