बरोज आजोबा आणि बरोज नातू

विल्यम सीवर्ड बरोज हे नाव निघालं की बहुतेकांना 'नेकेड लंच' लिहिणारा लेखक आठवतो. बेरजेचं यंत्र बनवणारा त्याच नावाचा त्याचा आजोबा मागे पडतो, आणि यंत्रांवर प्रेम करणाऱ्याला ते खुपतं.

आपल्यासारखंच आजोबाचं नाव नातवाला. मधल्या पिढीतला, म्हणजे नातवाचा बाप, मॉर्टिमर. आजोबा 1898 मध्ये क्षयाने गेला, नातू 1914 चा. त्यामुळे दोघांची भेट झालीच नाही.

आजोबा मूळचा बँकेतला कारकून. 1885 मध्ये पेटंटचा अर्ज केला, 21 ऑगस्ट 1888 ला पेटंट मिळालं. पण यंत्रांची पहिली खेप वाया गेली. का, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक स्थानासाठी 1 ते 9 अशा कळांची एक उभी रांग असते, शून्याला कळ नाही. नऊ रांगांच्या यंत्रात 81 कळा. 4,705 साठी हजाराची 4, शतकाची 7, एककाची 5 दाबायची आणि दशकाची रांग मोकळी सोडायची. दांडा ओढला की दात्यांची पट्टी दाबलेल्या कळेपर्यंत सरकते, आकडा कागदावर छापला जातो, आणि दांडा परतताना तो चाकांवर मिळवला जाऊन हातचा पुढे जातो. सुरुवातीच्या यंत्रांत दांडा हिसकून ओढला की उत्तर चुकायचं. माणूस बदलला की बेरीज बदलायची!

उपाय होता तेलाने भरलेलं नळकांडं, म्हणजे डॅशपॉट. दांडा फक्त स्प्रिंग ताणतो. यंत्र मात्र नळकांड्यातला दट्ट्या तेलातून जितक्या वेगाने सरकू देईल तितक्याच वेगाने चालतं. कळा तर फेल्टच्या काँप्टोमीटरलाही, म्हणजे त्या काळच्या दुसऱ्या एका बेरजेच्या यंत्रालाही, होत्या. माझ्या मते बरोजचा खरा शोध हे नळकांडंच.

नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या जुन्या पेढीच्या माळ्यावर असं यंत्र सापडलं, तर आधी हेच तपासा. तेल गळून गेलं असेल तर दांडा धाडकन परततो आणि दाते झिजतात. तेल चिकट झालं असेल तर दांडा अडतो. तेव्हा जोर लावू नका, नळकांडं उघडून साफ करा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, तेल पातळ होतं. त्या दिवसांत वेग जुळवला तर डिसेंबरात यंत्र सुस्त वाटेल. मग 99,999 मध्ये 1 मिळवून पाहा. 1,00,000 आलं नाही, तर हातचा ज्या स्थानावर अडला तिथला भाग आधी तपासायचा.

नातू मात्र आजोबाच्या यंत्रांच्या कंपनीच्या गडगंज पैशावर जगला, हा गैरसमज आहे. कुटुंबाने बरेचसे शेअर लवकरच विकले होते. उरलेले वडिलांनी 1929 मध्ये बाजार कोसळण्याआधी विकले. नातवाची लिहिण्याची एक रीत अशी: छापील पान मधोमध उभं आणि आडवं कापायचं, चार तुकडे होतात, चौथा पहिल्याशेजारी, दुसरा तिसऱ्याशेजारी ठेवून वाचायचं. आजोबाने हाताची लहर कामातून काढून टाकली, नातवाने कात्रीने योगायोग आत घेतला. तरी 1985 च्या निबंधसंग्रहाला त्याने नाव दिलं 'द अ‍ॅडिंग मशीन'.

बरोज कंपनी 1986 मध्ये स्पेरी या संगणक कंपनीशी एक होऊन युनिसिस झाली. टाटांबरोबरची तिची भारतातली कंपनी टाटा बरोज पुढे टाटा युनिसिस, मग टाटा इन्फोटेक झाली आणि 2006 मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. त्याच टीसीएसचा कँपस आपल्या नागपुरातल्या मिहानमध्ये आहे.