मेळघाटची बातमी जुलैतच का येते?

अमरावतीच्या एका दैनिकात मी काही वर्षे उपसंपादक होतो. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ‘मेळघाट’ असे लिहिलेली एक जाडजूड फाईल असे. आमच्याच जिल्ह्यातल्या त्या आदिवासी भागातील बालमृत्यू, कुपोषण आणि आजारांच्या बातम्या तिच्यात असत. माझ्याआधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांनी ती सुरू केली होती. डिंकाने चिकटवलेली कात्रणे आणि प्रत्येकाच्या कडेला निळ्या शाईत तारीख. नोकरी सोडताना ती फाईल मी कोणाला न विचारता घरी आणली. मध्यंतरी एका दुपारी ती कात्रणे वर्षांऐवजी महिन्यांप्रमाणे लावून पाहिली, तेव्हा जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचा गठ्ठा उरलेल्या नऊ महिन्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जाड निघाला. डिसेंबरचाही एक लहान गठ्ठा होता. मार्च, एप्रिल आणि मे मिळून जेमतेम काही चिटोरी.

पावसाळ्यात मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत आजार वाढतात, नाल्यांना पूर येऊन गावांचा संपर्क तुटतो, घरातले धान्य संपत आलेले असते, हे खरेच आहे. पण बातम्यांच्या या हंगामाला दुसरेही एक कारण आहे आणि ते डेस्कवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन साधारण त्याच सुमारास मुंबईत भरते, तारांकित प्रश्न लागतात, मंत्री आकडे वाचून दाखवतात आणि त्या आकड्यांची बातमी होते. डिसेंबरचा लहान गठ्ठा हा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा. म्हणजे मेळघाटातील बाळ कधी आजारी पडते यावर बातमी जितकी अवलंबून असते, तितकीच ती सभागृह कधी भरते यावरही असते.

वर्तमानपत्रांनी काहीच केले नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी आणि पाठोपाठ मेळघाट येथील बालमृत्यूंच्या बातम्या छापून आल्या नसत्या, तर मुंबईतील सचिवांना त्या गावांची नावेही कळली नसती. न्यायालयात याचिका गेल्या, मंत्र्यांचे दौरे झाले आणि १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू झाली. पावसाळ्याआधी धान्य पोहोचवणे, वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरारी पथके, पाड्यांवरचे स्वयंसेवक, गरोदर स्त्रियांना मातृत्व अनुदान, अशा अनेक गोष्टी त्या योजनेत एकत्र आणल्या गेल्या. पुढे उच्च न्यायालयातील सुनावण्या वर्षानुवर्षे चालू राहिल्या आणि त्या प्रत्येक सुनावणीमागे कोणी ना कोणी जपून ठेवलेली कात्रणे होती. ही कमाई लहान नाही.

अडचण आहे ती त्या बातम्यांनी घालून दिलेल्या साच्याची. ‘कुपोषणाचे थैमान’, ‘मेळघाट पुन्हा हादरले’, ‘कुपोषणाचा विळखा घट्ट’ हे मथळे मी स्वतः दिलेले आहेत. ‘कुपोषणबळी’ हा शब्द मथळ्यात नेमका बसतो, चार कॉलमांत एका ओळीत मावतो, आणि नेमका तोच शब्द प्रशासनाच्या पथ्यावर पडतो. दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेतून खुलासा येतो की, एकही मृत्यू कुपोषणाने झालेला नाही. बालके न्यूमोनियाने, जंतुसंसर्गाने, जन्मतः वजन कमी असल्याने किंवा मुदतीपूर्वी जन्मल्याने दगावली. खुलासा खोटा नसतो. कागदावर मृत्यूचे कारण म्हणून सहसा ‘कुपोषण’ असे लिहिले जात नाही, तिथे शेवटचा आजार लिहिला जातो. मात्र जगभरात पाच वर्षांखालील मुलांच्या सुमारे निम्म्या मृत्यूंमागे अपुऱ्या पोषणाचा हात असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरल्या पोटाचे मूल ज्या न्यूमोनियातून उठते, त्याच न्यूमोनियात हडकुळे मूल जाते. हे दोन वाक्यांत समजावून सांगता येण्यासारखे आहे. पण आम्ही आरोप एका दिवशी आणि खुलासा दुसऱ्या दिवशी छापत राहिलो, आणि वाचकाला वाटत राहिले की, दोघांपैकी कोणीतरी एक खोटे बोलत आहे.

याच धोशात नवजात बाळांचा प्रश्न दिसेनासा झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि त्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देऊ लागल्या, त्यांचे मूळ या कामात आहे. याचा अर्थ असा की, बाळ जगेल की नाही याचा निकाल पुष्कळदा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच लागतो आणि तेव्हा प्रश्न अंगणवाडीच्या खिचडीचा नसतो. तो असतो आईच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा, बाळाला ऊब मिळण्याचा आणि कोणीतरी वेळेवर घरी येण्याचा. आमच्या फाईलमध्ये मात्र वजनकाट्यावर टांगलेल्या रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र वर्षानुवर्षे तेच राहिले. कधी कधी तर छायाचित्रही खरोखर तेच असे, संग्रहातून काढलेले.

आकड्यांविषयीही थोडे सांगायला हवे. आरोग्य विभागाच्या मासिक अहवालात ० ते १ वर्ष, १ ते ६ वर्षे असे रकाने असतात आणि शेजारीच ‘उपजत मृत्यू’, म्हणजे मृत जन्मलेली बाळे, हा आणखी एक. बाळ जन्मल्यावर क्षणभर रडले की रडलेच नाही, यावर ते कोणत्या रकान्यात जाणार हे ठरते, आणि घरी झालेल्या बाळंतपणात ते ठरवायला दाईखेरीज कोणी नसते. राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या बालमृत्यू मूल्यमापन समितीने प्रत्यक्षापेक्षा कमी मृत्यू नोंदले जात असल्याचे सांगितले होते. हे माहीत असूनही आम्ही ‘यंदा मृत्यू घटले’ किंवा ‘यंदा मृत्यू वाढले’ एवढेच छापत असू. उपजत मृत्यूंचा रकाना त्याच वर्षी फुगला का, हे पाहायला पाच मिनिटे लागली असती.

माझी स्वतःची एक चूक इथेच सांगतो. दुर्गम भागातल्या आमच्या तालुका वार्ताहराने एका मार्च महिन्यात दहा-बारा ओळींची बातमी पाठवली होती. एका आरोग्य उपकेंद्रातील सिस्टरची बदली झाली असून तिच्या जागी कोणी आलेले नाही आणि शेजारच्या सिस्टरकडे अतिरिक्त कार्यभार दिला आहे, एवढाच मजकूर. मी तो सहा ओळींवर आणला आणि आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, सिंगल कॉलम लावला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “भाऊ, हे आताच नीट लावा. पाऊस लागल्यावर याची बातमी वेगळीच होईन.” मी हो म्हणालो आणि विसरलो. जुलैच्या अखेरीस त्याच उपकेंद्राच्या हद्दीतून बालमृत्यूंची बातमी आली, तेव्हा मी ती पहिल्या पानावर पाच कॉलम लावली, ‘थैमान’ हा शब्द वापरला, आणि त्या संपूर्ण मजकुरात सिस्टरच्या रिक्त पदाचा उल्लेख कुठेही नव्हता. वार्ताहराने तो केला होता. जागेअभावी मीच तो परिच्छेद कापला होता.

जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे अतिसाराची साथ आली, तोवर मी नोकरी सोडली होती. त्या बातम्या मी वाचक म्हणून वाचल्या. लोक उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायले, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले, काही दगावले. एवढ्यावर ही बातमी संपली असती, तर मागच्या तीस वर्षांच्या कात्रणांत ती सहज मिसळून गेली असती. पण या वेळी बातमीदारांनी पुढचा प्रश्न विचारला: लोक विहिरीवर का गेले? तेव्हा कळले की, वीजबिल थकल्यामुळे पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती आणि नळाला पाणीच नव्हते. हा तपशील मला त्या सगळ्या वार्तांकनात सर्वांत मोलाचा वाटला. थकलेले बिल हा आरोग्याचा विषय आहे, असे एरवी कोणत्याही संपादकीय बैठकीत कोणी म्हणाले असते, तर चहा पिता पिता सगळे हसले असते.

दुसरा ठरलेला साचा अंधश्रद्धेचा. बाळाचे पोट फुगले म्हणून तापवलेल्या विळ्याने चटके दिले जातात. मेळघाटात याला डंबा म्हणतात. प्रकार भयंकर आहे, त्याची बातमी व्हायलाच हवी आणि गुन्हाही नोंदवला जायला हवा. मात्र या बातमीत आजीचे वय असते, विळ्याचे वर्णन असते, पोटावरच्या डागांची संख्याही असते. त्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, त्या रात्री तिथे डॉक्टर होते का, तिथे कोरकू समजणारे कोणी होते का, हे क्वचितच असते. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची ही भाषा म्हणजे मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा असून संथाली आणि मुंडारी या तिच्या नातलग. केंद्रावर गेलेल्या बाईला जे विचारले जाते ते तिला पुरते कळत नाही, ती जे सांगते ते डॉक्टरांना कळत नाही, आणि भुमका, म्हणजे गावातला पारंपरिक वैदू-मांत्रिक, मात्र तिच्याच भाषेत बोलतो. तिचे पाय आधी कोणाकडे वळतील, हे समजायला अंधश्रद्धा हा शब्द पुरा पडत नाही.

तिसरा साचा देवमाणसाचा, आणि त्यावर लिहिताना मला संकोच वाटतो. बैरागडसारख्या गावात आयुष्य घालवणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आनंद कोणाला झाला नाही? परंतु त्यांच्याविषयीचे लेख वाचताना असे वाटते की, दोन रुपये फी घेणारा एक ध्येयवेडा डॉक्टर असणे हीच जणू त्या भागाची आरोग्यव्यवस्था आहे. शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमणुकीच्या जागी राहणे ही साधी नोकरीची अट आहे. पण अशा लेखांच्या शेजारी ती अट फार मोठा त्याग वाटू लागते.

मुलांखेरीज बाकीच्यांचे काय? डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये केंद्र सरकारला आदिवासी आरोग्यावरचा अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत सुमारे ८.६ टक्के असलेल्या आदिवासींच्या वाट्याला मलेरियाचे ३० टक्के रुग्ण आणि त्याचे निम्मे मृत्यू येतात, असे त्यात म्हटले होते. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि दारू-तंबाखू यांचे प्रमाण वाढत असल्याचेही. कोरकू माणसाला रक्तदाब असतो, हे आमच्या फाईलमधील एकाही कात्रणावरून कोणाला कळणार नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बातम्या १९ जूनच्या जागतिक दिनाच्या आसपास येतात. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथे त्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा काही दिवस जास्त आल्या. त्या आजाराच्या वेदनेने रात्रभर कण्हणारा तरुण आणि तालुक्याच्या दवाखान्यात त्याची गोळी संपलेली असणे, या बातमीला कोणताही ‘दिन’ नसतो.

फाईल परत बांधताना एका छायाचित्राजवळ थांबलो. पोषण पुनर्वसन केंद्रातील खाट, मांडीवर मूल, मुलाच्या दंडाला मोजपट्टी आणि पट्टीचा काटा ११.५ सेंटीमीटरच्या खाली, लाल भागात. खाली ओळ आहे: ‘कुपोषित बालकासह आदिवासी माता.’ शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यांची नावे मात्र डावीकडून क्रमाने, पदांसह दिलेली आहेत. ही ओळ लिहिणारा मीच. वार्ताहराने पाठवलेल्या कागदावर त्या बाईचे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहिलेले होते. ते छापायचे नव्हते, तर निदान ती किती मैल चालून आली, एवढे तरी विचारून लिहिता आले असते.